पिठाचा धागा : प्रस्तावना

पिठाच्या गोळ्याला धाग्याचा, पट्टीचा किंवा नळीचा आकार द्यायचा आणि तो पाण्यात, वाफेवर अथवा दुधात शिजवायचा, एवढ्या साध्या व्याख्येत जगाच्या खाद्यसंस्कृतीचा फार मोठा भाग सामावतो. चीनमधील म्येन, जपानमधील उदोन आणि सोबा, व्हिएतनाममधील फो, मध्य आशियातील लाघमान, तिबेट-लडाखकडील थुक्पा, इटलीतील पास्ता, तमिळनाडू-केरळातील इडियप्पम, कर्नाटकातील शाविगे आणि महाराष्ट्रातील शेवया हे सारे या एकाच व्याख्येचे निरनिराळे आविष्कार होत. मराठीत मात्र 'नूडल्स' हा शब्द पाकिटातल्या झटपट पदार्थासाठी आणि रस्त्यावरच्या चायनीजच्या गाडीसाठी राखला गेला, तर 'शेवया' हा शब्द सणासुदीच्या खिरीशी आणि उन्हाळ्यातील वाळवणाशी जोडलेला राहिला. त्यामुळे पहिला पदार्थ परका व संशयास्पद आणि दुसरा घरचा व निर्दोष, अशी विभागणी मनात पक्की झाली. धान्यशास्त्राच्या दृष्टीने या विभागणीला आधार नाही. म्हणून प्रस्तुत ग्रंथात 'नूडल्स' हा शब्द व्यापक अर्थाने, म्हणजे पिठाचा धागा करून शिजवल्या जाणाऱ्या सर्व पदार्थांसाठी योजला आहे आणि शेवईला त्या कुळात बरोबरीचे स्थान दिले आहे.

या विषयावरील लेखन बहुधा दोन वेगळ्या वाटांनी झाले आहे. पाककृतींची पुस्तके धागा कसा शिजवावा हे सांगतात आणि त्याच्या पोषणाबद्दल मौन पाळतात. आहारशास्त्राची पुस्तके उष्मांकांचे आणि प्रथिनांचे तक्ते देतात, पण तो धागा कोणत्या रीतीने तयार झाला आणि किती शिजवला याकडे पाहत नाहीत. वास्तविक हे दोन प्रश्न एकाच ठिकाणी येऊन मिळतात. पिठाचा धागा उकळत्या पाण्यात विरघळून न जाता टिकतो कशाने, हा स्वयंपाक्याचा पहिला प्रश्न आहे; आणि ज्या गोष्टीने तो पाण्यात टिकतो, तीच गोष्ट तो पोटात किती वेगाने पचेल हेही पुष्कळ अंशी ठरवते. नूडल्स चांगले की वाईट, या नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर का नाही, याचे कारणही येथेच सापडते.

विषयाचा इतिहास पाहू गेल्यास त्याची सुरुवातच धागा कशाने टिकतो या प्रश्नाने होते. चीनच्या छिंगहाई प्रांतातील लाजिया या उत्खननस्थळी गाळाखाली गाडल्या गेलेल्या एका उपड्या मातीच्या वाडग्यात सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचे, सुमारे ५० सेंटिमीटर लांबीचे पिवळसर धागे सापडल्याचे २००५ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हे धागे गव्हाचे नव्हते. ते राळे आणि त्याच्यासारख्याच दुसऱ्या एका भरड धान्याचे असल्याचे संशोधकांनी सांगितले. गव्हासारखा चिवटपणा राळ्याच्या पिठाला नसतो. मग इतका लांब धागा हाताने ओढला कसा, यावर पुढे वाद झाला आणि पीठ काही अंशी शिजवून ते छिद्रांतून दाबले असावे, असे स्पष्टीकरण मांडले गेले. सोऱ्यातून शेव किंवा चकली पाडणाऱ्या कोणत्याही गृहिणीला हे स्पष्टीकरण अपरिचित वाटणार नाही.

चीनमध्ये दळण्याची जाती आणि गहू यांचा प्रसार झाल्यावर, म्हणजे हान राजवटीच्या काळात, गव्हाच्या पिठाचे पदार्थ रुळू लागले; त्या सर्वांना आरंभी 'बिंग' हे एकच नाव होते. सहाव्या शतकातील जिया सिश्ये याच्या 'छीमिन याओशू' या शेतीविषयक ग्रंथात पिठाच्या पट्ट्या पाण्यात भिजत ठेवून बोटांनी पातळ करण्याची कृती आढळते. पुढे उत्तर चीनमध्ये गव्हाचा आणि दक्षिणेत तांदळाचा धागा असे दोन प्रदेश स्थिरावले, आणि भाषेनेही ते वेगळे नोंदवले: गव्हाचे ते 'म्येन', तांदळाचे किंवा निव्वळ पिष्टाचे ते 'फेन'. पिष्ट म्हणजे धान्यातील पांढरा, ऊर्जा साठवणारा भाग, ज्याला इंग्रजीच्या प्रभावाने स्टार्च म्हटले जाते.

पश्चिमेकडील धारा स्वतंत्रपणे वाढली. मार्को पोलोने चीनहून पास्ता इटलीत आणला, ही कथा अजूनही सांगितली जाते. परंतु पोलो व्हेनिसला परतला तो १२९५ साली, आणि जिनोव्हा येथील १२७९ सालच्या एका मालमत्तेच्या यादीत पेटीभर मॅकरोनीची नोंद त्याआधीच झालेली आहे. त्याहूनही जुना पुरावा अरबी भूगोलवेत्ता अल् इद्रिसी याचा आहे. त्याने ११५४ साली पूर्ण केलेल्या ग्रंथात सिसिली बेटावरील पालेर्मोजवळच्या त्राबिया गावी 'इत्रिया' नावाचे वाळवलेले पिठाचे धागे मोठ्या प्रमाणावर होत आणि जहाजांनी दूरवर जात, असे नमूद केले आहे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट वाळवण्याची आहे. ओला धागा त्या दिवसाचे जेवण असतो. वाळवलेला धागा साठवता येतो, विकता येतो, समुद्रापार नेता येतो. भूमध्य समुद्राकाठचे कोरडे वारे आणि तेथे पिकणारा कठीण दाण्याचा डुरम गहू यांनी पास्त्याला व्यापारी माल बनवले. इटलीने तर १९६७ च्या एका कायद्याने सुका पास्ता डुरम गव्हाच्या रव्याचाच असावा असे बंधन घातले.

भारतातील धारा या दोहोंइतकी गाजली नाही, तरी ती जुनी आणि भरघोस आहे. सोळाव्या शतकातील 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात 'सेविका' नावाचा पदार्थ येतो: गव्हाच्या बारीक पिठाच्या जवासारख्या लहान वाती वळायच्या, वाळवायच्या, दुधात शिजवायच्या आणि तूप-साखरेसह खायच्या. ग्रंथकार तिला बलवर्धक, पण पचायला जड म्हणतो. हे वर्णन शेवईपेक्षाही महाराष्ट्रातील गव्हल्यांना अधिक लागू पडते. गव्हले, मालत्या, नकुल्या, बोटवे, फणुल्या, सरगुंडे अशा हाताने वळलेल्या प्रकारांना मराठीत 'वळवट' हे स्वतंत्र समूहवाचक नाव आहे आणि लग्नाच्या रुखवतात त्यांना मानाची जागा असे. खानदेश-विदर्भात तिरक्या पाटावर पिठाचा गोळा तळहाताने खाली सरकवत केसासारखा धागा ओढण्याची हातशेवयांची रीत, सिंधुदुर्गात तांदळाच्या उकडीचे साच्यातून पाडलेले आणि नारळाच्या गोड रसात खाल्ले जाणारे शिरवाळे, देशावरील कुरडया, ईदच्या दिवशीचा शीरखुर्मा आणि मुंबईच्या फालुद्यातील निसरडी शेव ही सर्व उदाहरणे एका भाषेच्या परिसरात नांदतात. धागा करण्याचे जगातील बहुतेक सर्व मूलभूत मार्ग या एवढ्या प्रदेशात आढळतात, ही बाब मराठी वाचकासाठी अभ्यासाचा सोयीस्कर आरंभबिंदू ठरते.

या मार्गांचे वर्गीकरण अनेक प्रकारे केले गेले आहे. आकार देण्याच्या क्रियेवरून पाहिले, तर ओढणे, लाटून कापणे, साच्यातून दाबणे, हाताने वळणे आणि शान्सी प्रांतातील 'दाओ श्याओ म्येन'प्रमाणे गोळ्यावरून सुरीने थेट उकळत्या पाण्यात तासणे, असे गट पडतात. प्रस्तुत ग्रंथाने मात्र धागा कशाने टिकतो हे मुख्य सूत्र धरले असून त्यावरून तीन संप्रदाय मानले आहेत.

पहिला संप्रदाय ग्लूटेनचा. गव्हाच्या पिठातील ग्लायडिन आणि ग्लूटेनिन ही दोन प्रथिने पाण्याच्या सान्निध्यात व मळण्याच्या जोराने एकमेकांत गुंतून जे लवचिक जाळे तयार करतात, त्याला ग्लूटेन म्हणतात. ग्लायडिन पिठाला ताणू देते, ग्लूटेनिन त्याला परत खेचते. कणीक मळल्यावर ती मुरू दिल्याने ताण ओसरतो आणि ओढणे सोपे जाते. चीनमधील लान्झोऊचा कारागीर एकाच गोळ्याची दोरी दुमडत आणि ओढत आठ वेळा दुप्पट करतो तेव्हा एकाचे २५६ धागे होतात. असे पीठ चिवट व्हावे म्हणून त्यात सोडियम किंवा पोटॅशियम कार्बोनेटसारखा क्षार घालतात, ज्याला जपानीत 'कान्सुइ' म्हणतात. हा क्षार जाळे घट्ट करतो, पिठातील रंगद्रव्यांना पिवळी छटा देतो आणि रामेनला तिची ओळखीची चव व गंध देतो. अंडे न घालताही रामेन पिवळी दिसते ती यामुळे. डुरमच्या पास्त्यात क्षाराचे काम दाण्याच्या अंगभूत कठीणपणाने आणि भरपूर प्रथिनांनी भागते. महाराष्ट्रात शेवयांसाठी बन्सी किंवा खपली गव्हाचा आग्रह धरला जाई, त्याचे मर्मही तेच: बन्सी हा डुरमच आहे, आणि खपली हा त्याचा जवळचा, टरफलासह मळणी होणारा जुना नातलग.

दुसरा संप्रदाय शिजवलेल्या पिठाचा. तांदूळ, नाचणी, राळे, ज्वारी यांच्यात ग्लूटेन नसते, म्हणून त्यांचे कच्चे पीठ कितीही मळले तरी धागा तुटतो. त्यावर उपाय म्हणजे पीठ किंवा त्याचा काही भाग आधी शिजवून घेणे. पाण्यात साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान पिष्टाचे कण फुगून फुटतात आणि चिकट खळ तयार होते, हे धान्यानुसार थोडे मागेपुढे होते. याला पिष्टाचे शिजणे किंवा जिलेटिनीभवन म्हणतात. उकड काढणे ही याच क्रियेची घरगुती रीत होय. शिरवाळ्यांचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवून गरम असतानाच साच्यात घालावे लागतात, कारण निवताना पिष्टाचे लांब रेणू पुन्हा एकमेकांना बिलगून घट्ट होतात आणि मग साचा दाबणे अवघड जाते. हेच घट्ट होणे धागा पडल्यावर उपकारक ठरते आणि त्याला आकार देते. व्हिएतनामचा फो आणि थायलंडचा पॅड थाय यांतील तांदळाच्या पट्ट्या याच संप्रदायातल्या. जपानी सोबा दोन संप्रदायांच्या सीमेवर उभा आहे: कुट्टूच्या पिठात ग्लूटेन नसल्याने अनेक कारागीर आठ भाग कुट्टूला दोन भाग गव्हाचे पीठ जोड म्हणून देतात.

तिसरा संप्रदाय निव्वळ पिष्टाचा. येथे धान्यातील किंवा कडधान्यातील प्रथिने आणि चोथा धुऊन काढतात आणि उरलेल्या पिष्टाचाच धागा करतात. मुगाच्या पिष्टाचे काचेसारखे पारदर्शक नूडल्स हे याचे प्रसिद्ध उदाहरण; मराठी स्वयंपाकघरातील उदाहरण कुरडईचे. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, गाळायचे, चोथा बाजूला काढायचा, रात्रभर बसलेल्या चिकावरचे पाणी ओतून द्यायचे आणि तो चीक शिजवून सोऱ्यातून पाडायचा, या क्रमात गव्हातील ग्लूटेन बव्हंशी चोथ्यात निघून जाते. शेवई आणि कुरडई दोन्ही गव्हाच्या, दोन्ही उन्हाळ्यात एकाच अंगणात वाळणाऱ्या, पण पहिलीला प्रथिनांचे जाळे तोलून धरते आणि दुसरीला शिजलेले पिष्ट. एकाच धान्याचे दोन भिन्न अन्नपदार्थ कसे होतात, याचे इतके नेमके उदाहरण इतरत्र क्वचितच मिळते.

स्वयंपाकाचे नियम या तीन प्रकृतींतून आपोआप निघतात आणि ते पाठ करण्याची गरज उरत नाही. सुक्या पास्त्याला दर १०० ग्रॅममागे सुमारे एक लिटर खळखळते पाणी लागते, कारण थोड्या पाण्यात सुटलेले पिष्ट दाटून धागे एकमेकांना चिकटतात. तो दाताला किंचित लागेल असा असतानाच काढायचा आणि उरलेला मिनिटभर रस्स्यात शिजवायचा. हाक्का पद्धतीने परतायचे नूडल्स मात्र वेळून गार पाण्याखाली धुवावे लागतात, म्हणजे पृष्ठभागावरचे पिष्ट निघून जाते आणि कढईत त्यांचा गिजगोळा होत नाही. तांदळाच्या पट्ट्या उकळण्याऐवजी २०-३० मिनिटे पाण्यात भिजवणे पुरते, कारण त्या एकदा शिजलेल्याच असतात. शेवया तुपावर तांबूस भाजण्याचा प्रघात सुगंधासाठी तर आहेच, शिवाय तुपाचा पातळ थर आणि भाजल्याने बदललेले पृष्ठभागाचे पिष्ट यांमुळे त्या खिरीत वा उपम्यात मोकळ्या राहतात. जपानमध्ये सोबा शिजवलेले पाणी फेकून न देता जेवणाच्या शेवटी पितात. भाताची पेज पिणाऱ्या कोकणाला यामागचा विचार समजावून सांगावा लागत नाही, कारण पाण्यात विरघळणारी ब गटातील जीवनसत्त्वे वेळलेल्या पाण्याबरोबरच निघून जातात.

आता पोषणाकडे वळता येईल. शिजवलेल्या १०० ग्रॅम साध्या पास्त्यातून सुमारे १५८ किलोकॅलरी ऊर्जा आणि सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. तितक्याच शिजवलेल्या तांदळाच्या नूडल्समधून सुमारे ११० किलोकॅलरी, पण प्रथिने २ ग्रॅमच्या आत. सोब्यातून सुमारे १०० किलोकॅलरी आणि ५ ग्रॅम प्रथिने. मुगाच्या पिष्टाच्या नूडल्समध्ये प्रथिने जवळजवळ नसतातच, आणि मूग हे प्रथिनांसाठी प्रसिद्ध कडधान्य असल्याने हे अनेकांना अनपेक्षित वाटते. धुण्याच्या क्रियेत ती निघून गेलेली असतात. दुसऱ्या टोकाला कोन्याकू कंदापासून होणारे जपानी शिराताकी नूडल्स आहेत, ज्यांत बहुतांश पाणी आणि न पचणारा ग्लुकोमॅनन हा तंतू असतो. त्यांतून पोट भरल्याची जाणीव मिळते, पोषण फारसे नाही.

उष्मांकांच्या तक्त्यात जे दिसत नाही ते ग्लायसेमिक निर्देशांकात दिसते. एखादा पदार्थ खाल्ल्यावर रक्तातील साखर ग्लुकोजच्या तुलनेत किती वाढते, याचे हे माप होय. गव्हाच्या पांढऱ्या पावाचा निर्देशांक सुमारे ७५, तर गव्हाच्याच स्पॅगेटीचा सुमारे ५० असतो. पांढऱ्या भाताचा ७० च्या वर, तर तांदळाच्या नूडल्सचा ५०-५५ च्या आसपास. धान्य तेच, फरक रचनेचा. पास्त्याच्या दाट प्रथिनजाळ्यात अडकलेल्या पिष्टापर्यंत पाचकरस सावकाश पोहोचतात. तांदळाच्या धाग्यात निवून घट्ट झालेले पिष्ट सहज तुटत नाही. जाळे सैल होईपर्यंत शिजवलेल्या धाग्यात हा लाभ घटतो, म्हणून 'दाताला लागेल इतकेच' हा चवीचा नियम आरोग्याचाही नियम ठरतो. धाग्याला पाण्यात टिकवणारी गोष्ट पोटातही काम करत राहते, या आरंभी मांडलेल्या विधानाचा हा आधार आहे. अर्थात निर्देशांक कमी असला तरी ताटातले प्रमाण दुप्पट झाले की हिशेब बिघडतो, हे विसरून चालणार नाही.

तिसरा घटक ताटातील सोबतीचा. गव्हाच्या प्रथिनांत लायसिन या आवश्यक अमिनो आम्लाची कमतरता असते आणि दूध, अंडी, डाळी, सोयाबीन व मांस यांत ते पुरेसे असते. शेवयांची दुधातली खीर, रामेनवरचे अंडे, थुक्प्यातील मांस आणि चिनी वाडग्यातील टोफू ही जोडी चवीने जुळवलेली असली, तरी तिचा पोषणाचा अर्थ एकच आहे. उलट नुसत्या मैद्याचा धागा, चार पाती कोबी आणि भरपूर तेल-सॉस, अशा ताटात पिष्ट व मीठ यांखेरीज फारसे काही उरत नाही.

या पार्श्वभूमीवर झटपट नूडल्सचा विचार करावा लागतो. मोमोफुकु आंदो याने ऑगस्ट १९५८ मध्ये जपानमध्ये पहिले झटपट रामेन बाजारात आणले आणि १९७१ साली पेल्यातले नूडल्स. त्याची युक्ती वाळवणाच्या इतिहासातील नवी पायरी होती: वाफवलेले धागे १४०-१६० अंशांच्या तेलात एक-दोन मिनिटे तळले की आतील पाणी झपाट्याने उडून जाते, धाग्यात सूक्ष्म छिद्रे राहतात आणि पुढे त्याच छिद्रांतून गरम पाणी शिरून धागा दोन मिनिटांत मऊ होतो. पाण्याची जागा काही अंशी तेल घेते. म्हणून सुक्या तळलेल्या नूडल्समध्ये १०० ग्रॅममागे १५ ते २० ग्रॅम स्निग्धांश असतो, तर वाऱ्यावर वाळवलेल्या शेवईत किंवा पास्त्यात तो दीड-दोन ग्रॅमच्या आसपास राहतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम सुचवते, आणि मसाल्याच्या पुडीसह एका लहान पाकिटातूनच त्याचा तिसरा हिस्सा किंवा अधिक भाग जाऊ शकतो. मोठ्या कोरियन पाकिटांत तो १,५०० मिलिग्रॅमच्याही पुढे जातो. लोकांच्या मनातील भीती मात्र अजिनोमोटोभोवती, म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेटभोवती अधिक फिरते. किकुनाए इकेदा याने १९०८ साली समुद्री शेवाळाच्या काढ्यातून ओळखलेल्या या पदार्थात सोडियमचे प्रमाण साध्या मिठाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतके असते, आणि नेहमीच्या वापरात चिंतेचे मुख्य कारण त्याऐवजी मीठ हेच आहे.

भारतात हा पदार्थ १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात मॅगीच्या रूपाने घरोघरी पोहोचला. जून २०१५ मध्ये शिसे आणि लेबलवरील मजकूर या मुद्द्यांवरून भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने त्याच्या विक्रीवर बंदी घातली. त्याच वर्षी १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पाळली गेली नाहीत आणि तपासणीच्या प्रयोगशाळांना आवश्यक मान्यता नव्हती, या कारणांवरून तो आदेश रद्द केला व नव्याने तपासणी करण्यास सांगितले. या प्रकरणाने पाकिटावरील अक्षरे वाचण्याची सवय काही घरांत रुजवली, पण चर्चा शिशापाशी थांबली आणि रोजच्या आहारातील मीठ, तेल व मैदा यांपर्यंत ती पोहोचली नाही. दरम्यान कोलकात्याच्या टांग्रा भागातील हाक्का चिनी समाजाच्या स्वयंपाकातून निघालेली भारतीय-चिनी शैली मुंबईत येऊन स्थिरावली, आणि तळलेल्या नूडल्सवर कोबी व तिखट सॉस घालून होणारी चायनीज भेळ महाराष्ट्रातील निमशहरांतही संध्याकाळचे खाणे बनली.

विषयाचे आजचे महत्त्व या विस्तारातूनच स्पष्ट होते. २०२३ साली जगात झटपट नूडल्सची सुमारे १२,००० कोटी पाकिटे खपली आणि त्यांत भारताचा वाटा ८०० कोटींहून अधिक होता. चीन व इंडोनेशिया यांच्यानंतर भारत तिसरा ठरला. दक्षिण कोरियातील १०,७११ प्रौढांच्या आहारनोंदींवर आधारलेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्यातून दोन वा अधिक वेळा झटपट नूडल्स खाणाऱ्या स्त्रियांत चयापचय विकारसमूहाचे, म्हणजे वाढलेला कंबरेचा घेर, रक्तदाब, साखर आणि चरबी यांच्या एकत्र आढळाचे प्रमाण अधिक दिसले. असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. तरी मधुमेहाचे ओझे वाढत असलेल्या समाजाने त्याकडे दुर्लक्ष करू नये. दुसऱ्या बाजूने, २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचे भरड धान्य वर्ष साजरे झाल्यापासून नाचणी, ज्वारी आणि बाजरीच्या नूडल्सची बाजारात रेलचेल झाली आहे. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते हे खरेच. पण पाकिटातील किती भाग नाचणीचा, हे समोरचे चित्र सांगत नाही. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते, आणि तीत मैदा पहिला आला तर नाचणी केवळ नावापुरती आहे असे समजावे. पिठाचा धागा कशाने टिकतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ग्लूटेन नसलेल्या नाचणीसोबत मैदा का घातला जातो, याचेही उत्तर मिळते. आणि मैदा नको असल्यास उकडीचा मार्ग मोकळा आहे, हेही कळते. ग्लूटेन न सोसणाऱ्या सीलिअॅक रुग्णांसाठी तर हे ज्ञान अनिवार्य आहे, कारण इडियप्पम आणि शिरवाळे त्यांना चालतात, पण गव्हाची जोड दिलेला सोबा चालत नाही.

प्रस्तुत ग्रंथाची रचना या दृष्टीतून झाली आहे. त्यात प्रत्येक प्रकाराबरोबर त्याचे धान्य, धागा करण्याची क्रिया, वाळवण्याची वा तळण्याची पद्धत, शिजवण्याची अचूक वेळ आणि शिजल्यानंतरचे पोषण यांचा विचार एकत्र केला आहे, जेणेकरून कृती आणि तक्ता यांची फारकत होऊ नये. पोषणाचे आकडे कच्च्या आणि शिजवलेल्या पदार्थांसाठी वेगवेगळे दिले आहेत, कारण शिजताना धागा आपल्या वजनाइतके किंवा त्याहून अधिक पाणी शोषतो आणि हा भेद न पाळल्याने लोकप्रिय लेखनात मोठे घोटाळे होतात. चिनी, जपानी किंवा इटालियन पदार्थ त्यांच्या मूळ रीतीने समजावून दिले आहेत. त्यांना मराठी चवीत बसवण्याचा प्रयत्न हेतुतः टाळला आहे. जेथे मराठी स्वयंपाकघरात त्याच तत्त्वाचा पदार्थ आहे, तेथे मात्र दोहोंची तुलना केली आहे. ग्रंथ आहारोपचाराचा नाही. मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार किंवा ग्लूटेनचे वावडे असलेल्यांनी प्रमाणासाठी वैद्यांचा सल्ला घ्यावा, हे गृहीत धरले आहे. तसेच झटपट नूडल्स वर्ज्य ठरवण्याचा अट्टहासही येथे नाही; अर्धी पुडी मसाला, एक अंडे किंवा मूठभर मोड आलेले मूग आणि हंगामी भाजी यांनी तेच पाकीट कितपत बदलते, हे येथे आकड्यांनिशी दाखवले आहे.

या सर्वांतून वाचकाच्या हाती एखादी अंतिम यादी पडावी, अशी अपेक्षा नाही. पाकीट, सोऱ्या किंवा पाट यांपैकी काहीही समोर आले, तरी पीठ कोणते, धागा कशाने बांधलेला, तो कसा वाळवलेला आणि त्याच्यासोबत ताटात काय, हे चार प्रश्न क्रमाने विचारण्याची सवय लागावी, इतकाच ग्रंथाचा हेतू आहे. कुरडईचा चीक बसल्यावर वरचे पाणी केव्हा ओतावे आणि चोथ्याचे काय करावे, हे ठरवणाऱ्या स्त्रियांनी या प्रश्नांपैकी निम्मे केव्हाच सोडवले होते. त्यांच्या उत्तरांना शास्त्राची परिभाषा आणि मोजमापाची जोड देणे, हे उरलेले काम पुढील पानांत हाती घेतले आहे.